झाकल्या काय?

मी कोंबडी खात नाही म्हटलं की लोकांना वाटतं, बाईंना डॉक्टरांनी बंद केली असेल. मीही कोणाला खोलात जाऊन सांगत नाही. जावई रविवारी काळ्या पन्नीत कोंबडी घेऊन येतो, लेक रांधते, मी आपली वरणभात जेवून मोकळी होते. वर्ध्याच्या या दोन खोल्यांच्या घरात खुराडं नाही, सांदवाडी नाही, आणि घार तर कित्येक वर्षांत मान वर करून पाहिलेली नाही. तरी दिवे लागायच्या वेळेला मी स्वयंपाकघरात जाते आणि पोळ्यांच्या डब्याचं झाकण दाबून बघते. लेक म्हणते, आई, किती वेळा बघशील ते झाकण? बघते बाई. नोकरीत अठ्ठावीस वर्षं वॉर्डातल्या पोरींना मी शिस्त लावली, या एका खोडीला मात्र मला शिस्त लावता आली नाही. तिचं कारण मी कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगेन सांगेन म्हणत राहिले, आणि तो ऐकायला उरला नाही. आता लिहून टाकते.

नाचणगावात आमचं घर वस्तीच्या टोकाला होतं. पुढे शेणानं सारवलेला ओटा, मधे एक लांब खोली, मागे चुलीची पडवी आणि तिच्यामागे सांदवाडी, म्हणजे तुराट्यांचा कूड घातलेलं मागचं आंगण. तिथे एक शेवगा, न्हाणीची फरशी आणि सरपणाचा ढीग. कुडापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची वावरं. बाबा पुलगावच्या बाजूला एका जिनिंगात हमाली करायचे. संध्याकाळी सायकलवरून उतरायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस बसलेला असायचा, आणि ताई त्यांना ओट्यावरच थांबवून फडक्यानं तो झटकायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण वनिता. बारावीला होती, पुलगावला शिकायला जायची, आणि आमच्या घरात मोठ्यानं हसणारं तेवढं एकच माणूस होतं. आमच्यात दोन भावंडं मधली गेलेली, त्यामुळे तिच्यामाझ्यात पाच वर्षांचं अंतर होतं. मला ती निमे म्हणायची, बाकी सगळे निमा.

ताई पावसाळ्यात गेली. कावीळ झाली होती. आधी नुसती पडून राहायची, अन्नावर वासना नाही. माय म्हणाली, परीक्षेचा ताण घेऊन राह्यली पोरगी. मग कोणी सांगितलं म्हणून गळ्यात काविळीची माळ घातली, झाडपाला दिला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं बाबांना बाजूला घेतलं. एवढंच. या भागाबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. मायला एकच गोष्ट खात राहिली. आठ दिवस आधी कंदिलाच्या उजेडात तिला ताईचे डोळे पिवळे दिसले होते आणि तिला वाटलं होतं की कंदिलाचाच पिवळेपणा आहे. ती हे येईल त्याला सांगायची. सांगून झालं की भिंतीकडे तोंड करायची.

आणि मग तिचं तोंड भिंतीकडेच राहिलं. खाटेवर पडून असायची. बायका भेटायला यायच्या, डोळे पुसायच्या, जायच्या. महिना झाला, दोन झाले. वावरातलं तण काढायचं निंदण संपलं, कापसाची वेचणी आली, मजुरीच्या बायका सकाळी हाका मारून पुढे जायच्या. माय उठायची नाही. केस विंचरायची नाही. भाकरी मी थापायची, बारा वर्षांची, कडेनं चिरा गेलेल्या, मधे कच्च्या. बाबा मुकाट्यानं खायचे. मी तिच्या खाटेपाशी बसून शाळेतलं काहीबाही बोलायची, मुद्दाम पडायची, एकदा तर हात भाजून घेतला. खरंच घेतला, तवा दिसत असून. माय नुसती म्हणाली, "तेल लाव," आणि पुन्हा भिंत. त्या दिवशी मला कळलं की मी उरलेली आहे ही गोष्ट काही तिला उठवायला पुरेशी नाही. आज वय झाल्यावर तिची स्थिती मला कळते. त्या आजाराला नाव आहे, गोळ्या आहेत, मी स्वतः कित्येकांना त्या वाटल्या आहेत. पण बारा वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार.

मायला उठवलं ते सोमीबाईनं. आमच्या गल्लीच्या शेवटी गोंडांची दोन घरं होती, त्यातलं एक हिचं. माय आणि ती एकाच टोळीत निंदायला जायच्या. सोमीबाई कमी बोलायची, आणि बोलली तर अर्धं तिच्या बोलीत. एक दिवस दुपारी ती कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं डोक्यावर घेऊन आली, सांदवाडीत उतरवलं, त्यात एक तांबडी कोंबडी आणि तिच्या पोटाखाली अंडी. कोंबडी खुडूक बसली होती. खुडूक बसलेली कोंबडी जागची हलत नाही, खात नाही, जवळ गेलं की अंग फुगवून गुरगुरते. सोमीबाई खाटेपाशी जाऊन म्हणाली, माह्या घरी रानमांजर येऊन राह्यलं, इथं असू दे, दाणापाणी तूच पाहाजो. आणि निघून गेली. आता वाटतं, रानमांजराचं तेव्हा काही नव्हतं. बाईनं ते उगाच सांगितलं. एका खुडूक बसलेलीला दुसरी खुडूक बसलेली आणून दिली, दुसरं काय.

दोन दिवस मीच तिला दाणे टाकले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर खाट रिकामी. पाहते तर माय सांदवाडीत उकिडवी बसलेली, हातात कण्यांची वाटी, आणि कोंबडीशी बोलते आहे. खाय ना वं, खाय, असं उपाशी राहून कसं होईन. मी दारात उभी राहून ऐकत होते. हेच वाक्य मी तिला दोन महिने म्हणत होते, अगदी याच शब्दांत.

कोंबडीला माय 'कोर' म्हणायची. सोमीबाई जाताना काहीतरी कोर कोर म्हणाली होती, मायला वाटलं तिचं नावच कोर. आम्हाला कोर म्हणजे भाकरीची कोर, चतकोर तुकडा. कोंबडीला असं नाव कोण ठेवतं म्हणून बाबांना गंमत वाटली होती. पुढे कळलं की सोमीबाईच्या बोलीत कोर म्हणजे नुसती कोंबडीच. पण तोवर आमची कोर झाली होती ती झाली होती.

अकरा पिल्लं निघाली. आणि तिथून माय आणि आभाळ यांचं जुंपलं. पहिल्याच दिवशी घारीनं दोन उचलली. शेवग्याच्या शेंड्यावरून ती अशी सरळ खाली यायची की सावली दिसेपर्यंत पिल्लू गेलेलं असायचं. कोर कुर्र करून सगळ्यांना पंखाखाली ओढायची, आणि माय काठी घेऊन उघड्या डोक्यानं हाऽ हाऽ करत धावायची. कोणाशी चार शब्द न बोलणारी माझी माय नाल्यापर्यंत घारीला शिव्या देत धावत गेलेली मी पाहिली. दमून परत आली, न्हाणीच्या फरशीवर बसली, आणि मला म्हणाली, पाणी आन. मी पाणी आणताना रडत होते. पुन्हा सोमीबाईच आली आणि म्हणाली, पिल्लं रंगव, रंगलेलं पिल्लू घार नेत नाई. घरात रंग कुठला? जयंतीच्या मिरवणुकीतली नीळ एका पुडीत उरली होती, ती मायनं पाण्यात कालवली. संध्याकाळी बाबा सायकलवरून उतरले तर सांदवाडीत नऊ निळी पिल्लं पळत होती. मला वाटलं आता रागावतात, जयंतीची नीळ ती. बाबांनी एक पिल्लू उचलून बघितलं. मग म्हणाले, चला, आता कोनाच्या कोंबड्या हायेत ते घारीले बी समजते. आणि हसले. मायपण हसली. भुवयांवरचा कापूस त्या दिवशी तिनं झटकला. घारीला खरंच कळलं की काय कोण जाणे, पण त्यानंतर तिनं एकच नेलं.

घार परवडली, मुंगूस परवडलं नाही. ते नाल्याच्या बाजूनं भरदुपारी यायचं, कुडाखालून. शाळेच्या वाटेवर मुंगूस आडवं गेलं तर आम्ही पोरी थांबून त्याला तोंड दाखवायची गळ घालायचो, ते दिसणं चांगलं म्हणून. तेच मुंगूस डालग्याखाली उकरून आत शिरलं आणि दोन तलंगांच्या, म्हणजे वाढत्या कोंबड्यांच्या, माना धरून गेलं, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं, जाऊ दे बाई, मुंगूस घरी येनं शुभ असते, असं मायचं समाधान करायला पाहिलं. बाबा तिच्यावर उखडले. शुभबिभ काही नसते, म्हणाले, भोक असते. आणि पुढच्या दोन रविवारी त्यांनी खुराडं बांधलं. भट्टीवरच्या तुटक्या विटा सायकलवर पोत्यात घालून आणल्या. खाली दगड ठोकून तळ केला, म्हणजे उकरता येऊ नये. मातीच्या गिलाव्यात फुटक्या काचा घातल्या. चहूकडून बाभळीचे काटे लावले. वर पत्रा, पुढे पत्र्याचं लहान दार. दाराला कडी बसवली पण ती नीट बसायची नाही, म्हणून बाहेरून आमचा फुटका पाटा टेकवून ठेवायचा असं ठरलं. तो पाटा ताईचा. म्हणजे त्यावर मिरच्या वाटायची ती ताई. ती गेल्यावर तो कसा तडकला कोणाला आठवत नाही. वजनाला चांगला जड होता, मला दोन्ही हातांनी ओढत न्यावा लागायचा.

माय आता रोज उठायची. पहाटे पाटा सरकवून दार उघडायची आणि त्या आवाजानं मला जाग यायची, दगडावर दगड घासल्याचा आवाज, मागून कोरचं कुरकुरणं. त्याहून चांगला आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. ती केस विंचरू लागली. अंबाडीची भाजी केली एकदा, लसणाची फोडणी देऊन, आणि घरभर तो वास झाला तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले. थोड्या दिवसांनी ती सोमीबाईबरोबर अर्धा दिवस वेचायलाही गेली. कोरची पिल्लं मोठी झाली, त्यांतल्या दोघी अंडी घालायला लागल्या. एक तलंग लंगडायची, तिच्यावर मायचा जीव. मला हे सगळं बघून आनंद व्हायचा. आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. माझ्यासाठी उठली नाही, लंगड्या कोंबडीसाठी उठली. हा राग मी कोणाला दाखवला नाही, पण होता तो होता.

हिवाळा उतरता उतरता सोमीबाईकडे खरोखरच रानमांजर आलं. एका फेरीत तिच्या चार कोंबड्या मारल्या आणि नेली एकच. बाकीच्या तशाच टाकून गेलं. तिनं नाल्याच्या ओल्या रेतीत बाबांना त्याच्या पायाचे ठसे दाखवले, बोक्याच्या पायाच्या दीडपट. त्या दिवशी बाबांनी मला ओट्यावर बोलावलं. मायला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले. "निमा, खुराडं लावायचं काम तुह्यावर. तुही माय सैपाकात असते, तिच्या ध्यानात राह्यलं नाई राह्यलं. या कोंबड्या गेल्या ना, तं तुही माय पुन्हा उठत नाई मंग. समजलं?" मी म्हटलं, समजलं. समजलंच होतं. मला तेव्हाही समजत होतं आणि आजही मी असं म्हणू शकत नाही की लहान होते, कळलं नाही.

आता त्या शब्दाबद्दल. खुराडं यायच्या आधी कोंबड्या डालग्याखाली असायच्या, तेव्हापासून मायच्या तोंडात 'झाकणं' बसलं होतं. खुराडं झालं तरी आमच्याकडे कोंबड्या झाकायच्याच. आणि दिवे लागायच्या त्याच वेळेला भाकरी थापून होत, त्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायच्या आणि वर शिबलं, म्हणजे बांबूची पसरट टोपली, पालथं घालायचं, नाहीतर मांजर तोंड घालायचं. तेही झाकणंच. माय रोज एकदा विचारायची, "झाकल्या काय?" आणि मी म्हणायची, "हाव, झाकल्या." कशाबद्दल विचारलं ते दोघींना ठाऊक असायचं. भाकरीबद्दल ती कशाला विचारेल? भाकरी तर तिच्या हातानं झाकलेल्या असायच्या.

गुरुजींच्या घरी टीव्ही होता. वस्तीतला तेवढा एकच. रविवारी संध्याकाळी त्यावर पिक्चर लागायचा आणि खालची सतरंजी आधी येईल त्याची. त्या रविवारी मायच्या बोटाला पऱ्हाटीचं बोंड लागून जखम झाली होती, म्हणून भाकरी मीच केल्या, उजेड असतानाच, भराभर. फडक्यात बांधल्या, शिबलं घातलं. माय पुढे ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसली होती. बाबा गावात कोणाकडे गेले होते. मी मागे सांदवाडीत आले. कोर आणि पाच जणी आत गेल्या होत्या. लंगडी मात्र शेवग्याखाली रेंगाळत होती. ये ये केलं, नाही आली. धरायला गेले, सरपणामागे गेली. पलीकडून मैत्रीण हाका मारत होती, निमा चाल, पाट्या सुरू झाल्या, नावं येऊन राह्यली. मी लंगडीला एक शिवी घातली. म्हटलं, जाईल आपोआप आत, येऊन लावते दार, मध्ये जाहिराती लागल्या की येते. दार उघडं, पाटा बाजूला. मी पुढच्या दारानं निघाले.

ओट्यावरून उतरताना मायनं सुपातून मान वर न करता विचारलं, "झाकल्या काय?"

आणि मी म्हटलं, "हाव, झाकल्या."

खोटं नव्हतं ना. भाकरी झाकल्या होत्या. शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच माझ्या मनात शिबलं आलं, मुद्दाम आलं, मीच ते आणलं. त्या एका क्षणात मला कसं सुचलं याचं मला या वयातही नवल वाटतं. शाळेत मी फार हुशार नव्हते. मायनं, जा मंग, म्हटलं. पिक्चरमध्ये काय होतं ते मला आठवत नाही. जाहिराती लागल्या तेव्हा मी उठले नाही, कारण उठलं की जागा जाते. घरी आले, झोपले. तेव्हा मात्र दाराची आठवण झाली नाही, अगदी शपथेवर सांगते, झाली नाही. पण ज्या गोष्टीची आठवण ठेवायचंच काम दिलेलं असतं, तिच्या बाबतीत आठवण झाली नाही म्हणणं म्हणजे काय, हे मी पुढे माझ्या हाताखालच्या नर्सेसना फार कडक शब्दांत सांगत आले.

सकाळी पाटा सरकल्याचा आवाज आला नाही. मी त्या आवाजाच्या नसण्यानं जागी झाले. उठून मागे गेले तर सांदवाडीभर पिसं. शेवग्याखाली, न्हाणीवर, काट्यांत अडकलेली. खुराड्याच्या दारात कोर पडलेली, मान वाकडी, आणि आत बाकीच्या. सगळ्या. खाल्लेली एकही नाही. लंगडी तेवढी कुठे दिसत नव्हती, तिलाच नेली असणार. पाटा होता तिथेच, भिंतीला उभा, मी ठेवला तसा. माय त्याच्याशेजारी उकिडवी बसली होती. तिनं पाट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"तू त हाव म्हनली व्हती, निमा."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. तिला समजून घ्यायचं होतं. आणि मी तयार होते, रात्रभर झोपूनही तयार होते. "भाकरी," मी म्हटलं. "मले वाटलं तू भाकरीचं इचारलं."

माय माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं आता ती म्हणेल, भाकरीचं मी कधी विचारते? तिला म्हणायला जागा होती. एका वाक्यात मी सापडले असते. पण तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि मी पाहिलं की तिनं माझं खरं मानलं. तिनं खाली बघितलं, कोरच्या पंखावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "मीनंच कोंबड्या म्हनाले पायजे व्हतं."

बाबांनी सगळ्यांना खड्डा खणून पुरलं. दोन बायका म्हणाल्या, ताज्याच आहेत, शिजवा. बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गेल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत होते, पोरीची काय चूक, तिले भाकरी वाटल्या. एकच शब्द हाय ना. लोकही माना डोलवत होते. हो हो, होते असं. माझी चूक कोणी म्हणता कोणी म्हणत नव्हतं. संध्याकाळी सोमीबाई आली. तिच्याकडे एक कोंबडा आणि दोन तलंगा उरल्या होत्या, त्यातली एक तलंग ती पदराखाली घेऊन आली होती. खाटेच्या पायाशी उभी राहिली आणि म्हणाली, हे ठेव. माय तोवर पुन्हा खाटेवर गेली होती. तिनं तोंड वळवलं नाही.

"नको बाई," ती भिंतीला म्हणाली. "माह्या हातात काही जगत नाई. घेऊन जा."

मी चुलीपाशी होते, तीन हातांवर. मला उठून एवढंच म्हणायचं होतं की माय, तुहा हात नाही, माहा हात. तू बरोबर विचारलं होतं. मला कळलं होतं. एवढीच तीन वाक्यं. ती चिडली असती, कदाचित तिनं मला मारलं असतं, तोंड पाहू नको म्हटलं असतं. पण तिचा स्वतःच्या हातांवरचा आळ गेला असता. ताईचे डोळे तिला नीट दिसले नाहीत आणि कोंबड्यांचं तिला नीट विचारता आलं नाही, असं तिनं दोन्ही एकत्र बांधून ठेवलं, आणि त्यातली एक गाठ तर मी सोडवू शकत होते. मी पीठ मळत राहिले. सोमीबाई तलंग घेऊन परत गेली. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं असं मला वाटलं. ते खरं की माझ्या मनाचे खेळ, कोण जाणे. तिनंही कधी काही म्हटलं नाही.

वॉर्डात मी भिंतीकडे तोंड केलेली माणसं पुष्कळ पाहिली. मुलं, सुना, नवरे त्यांच्याभोवती असायचे आणि विचारायचे, सिस्टर, काय बोलावं यांच्याशी? मी सांगायची, काहीही बोला, फक्त खोटं बोलू नका. मला फार चांगली नर्स म्हणायचे सगळे.

माय त्यानंतर चार वर्षं होती. उठली नाही असं नाही. अंग उठतं, अंगाला उठावंच लागतं. पाणी भरायची, कधी भाजी चिरायची, बाबांची सायकल आली की ओट्यापर्यंत यायची. पण घार आली तरी मान वर करायची नाही. खुराडं बाबांनी पाडलं नाही, ते तसंच राहिलं, पत्रा गंजला, आत आम्ही गोवऱ्या ठेवायला लागलो. पाटा भिंतीला उभाच होता. आणि दिवे लागायच्या वेळेला मी थांबायची. भाकरी टोपल्यात घालून, शिबलं पालथं घालून मी चुलीपाशी बसून राहायची, आणि आतून आवाज यायचा नाही. माय तो शब्दच विसरली होती जणू. एक दिवस गेला, आठ गेले, महिना गेला. शेवटी मला ते सहन होईना. एका संध्याकाळी मीच आत गेले, खाटेपाशी उभी राहिले आणि कोणी न विचारता म्हटलं, "माय, झाकल्या."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं झोपली. मग तिनं विचारलं, अगदी हळू, खरोखरच माहीत नसल्यासारखं:

"काय?"

ती वेळ होती. बाबा बाहेर होते, घरात आम्ही दोघीच होतो, आणि तिनं विचारलं होतं. मी तोंड उघडलं.

"भाकरी," मी म्हटलं.